मदत हवी आहे: सुंदरबन, बोटीवर झोपावं की लॉजवर? रविवारपर्यंत ठरवायचंय

रानवाट (बुधवार, रात्री १०:४२)
नमस्कार. सुंदरबनला जायचं नक्की केलंय. दोन ठिकाणांहून दर आलेत. पहिला म्हणतो, तिन्ही दिवस बोट, रात्रीही बोटीवरच झोपायचं, माणशी साडेसहा हजार. दुसरा म्हणतो, दिवसा बोट आणि रात्री पाखिरालय गावात लॉज, माणशी आठ हजार. दोघांनाही रविवारपर्यंत आगाऊ रक्कम हवीय. चार दिवस व्हिडिओ बघून डोकं भणाणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. गेलेल्यांनी कृपया एवढंच सांगा: बोटीवर झोपावं की लॉजवर? बाकी सगळं झालंय, रेल्वेची तिकिटंही काढलीत. आगाऊ धन्यवाद.

हावडा_मेल (बुधवार, रात्री ११:१५)
किती जण, कोणकोण, कधी जाताय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार? मी दोनदा जाऊन आलोय आणि माझं मत स्पष्ट आहे, दोघांनाही पैसे देऊ नका. सियालदाहून कॅनिंग लोकल पकडायची, सव्वा तासाच्या आसपास पोचते. कॅनिंगहून शेअर गाडीने गोदखाली, तिथे नदी ओलांडली की गोसाबा. बोट तिथेच ठरवायची. परवाना आणि गाइड सजनेखालीला वनखात्याच्या कार्यालयात मिळतो. गाइडशिवाय जंगलात सोडत नाहीत, त्यामुळे एजंट असला काय, नसला काय, गाइडचा खर्च आहेच. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ न्या, मोबाइलमधल्या फोटोवर राहू नका.

दुर्बीणवाला (गुरुवार, सकाळी ७:०५)
सुंदरबनपेक्षा भितरकनिका करा, ओडिशात. ब्राह्मणी-वैतरणीचा त्रिभुज प्रदेश, तसंच कांदळवन, गर्दी त्याच्या पावपटही नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इतक्या जवळून मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. १९७५ ला डांगमाळला मगरींची पिल्लं वाढवून सोडण्याचं काम सुरू झालं. खंड्याच्या आठ जाती एकाच खाडीत. मुंबईहून कोणार्क एक्सप्रेसने थेट भुवनेश्वर. फक्त १ मे ते ३१ जुलै मगरींच्या विणीसाठी बंद असतं.

हावडा_मेल (गुरुवार, सकाळी ९:२०)
दुर्बीणवाले, त्यांनी तिकिटं काढलीत हो. आता भितरकनिका सांगून काय उपयोग?

दुर्बीणवाला (गुरुवार, सकाळी ९:४८)
तिकीट रद्द करता येतं. सुंदरबनला शनिवार-रविवारी भोंगे लावून नाचणाऱ्या सहलीच्या बोटी असतात, त्यात पक्षी कसला दिसतोय? मी स्वतः तीन तास एका बोटीच्या गाण्यांमागे गेलोय. वर्षातून एकदा सुट्टी मिळणाऱ्या माणसाची ती अशी वाया जाऊ नये म्हणून सांगतोय.

गोडंबट (गुरुवार, दुपारी १२:३०)
हिवाळ्यात जाताय ना? मग कोलकात्याहून नोलेन गूड आणायला विसरू नका, खजुराच्या रसाचा गूळ. पातळवाला डब्यात मिळतो. आणि बोटीवर जेवण करून देतात त्यात भेटकी मागा. इलिश हिवाळ्यात मागू नका, तो पावसातला मासा.

रानवाट (गुरुवार, दुपारी १:१०)
मंडळी, गूळ आणि भितरकनिका नंतर. ८ जानेवारीची गीतांजली एक्सप्रेस आहे, ९ ला दुपारी हावडा. १०, ११, १२ जंगल. १३ ला रात्रीची परतीची गाडी. आम्ही सहा जण. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, नणंद, तिचे यजमान आणि आई. एवढी माहिती पुरे ना? बोट की लॉज?

हावडा_मेल (गुरुवार, दुपारी १:३५)
१४ जानेवारीला मकरसंक्रांत आहे, गंगासागरची यात्रा! देशभरातले यात्रेकरू कोलकात्यात उतरतात आणि काकद्वीप-नामखान्याच्या गाड्याही त्याच सियालदा दक्षिण विभागातून सुटतात. तुमची कॅनिंगची लाइन वेगळी असली तरी फलाट आणि स्टेशन तेच. ९ ची रात्र कोलकात्यात काढणार असाल तर हॉटेल आजच घ्या, आणि १२ ला परतताना कॅनिंग लोकलच्या भानगडीत पडू नका. गोदखालीहून थेट गाडी करा, साधारण शंभर किलोमीटर, तीन तास धरा. माझं लोकलचं मत तुमच्या तारखांपुरतं मागे घेतो.

रानवाट (गुरुवार, दुपारी २:०२)
अरे देवा. गंगासागर डोक्यातच नव्हतं. हॉटेल बघते लगेच. मनापासून आभार.

माहीमची_खाडी (गुरुवार, संध्याकाळी ६:५०)
आईंचं वय काय, तब्येत कशी? मी सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून विचारतेय.

नवी_वाट (गुरुवार, संध्याकाळी ७:१५)
एवढ्या लांब कशाला? ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. ठाणे खाडी अभयारण्य २०१५ पासून आहे आणि २०२२ ला रामसर यादीतही गेलं. कांदळवन, चिखल, पक्षी, सगळं घरापासून अर्ध्या तासावर. तिकडचीही बोट भरतीच्या वेळेनुसारच सुटते.

रानवाट (गुरुवार, रात्री ९:३०)
ऐरोलीला तीनदा जाऊन आलोय, म्हणूनच सुंदरबन हवंय.
@माहीमची_खाडी, आई ७२. मार्चमध्ये उजवा गुडघा बदललाय. चालते व्यवस्थित, जिने हळू चढते, खाली मांडी घालून बसता येत नाही. हे लिहायला हवं होतं का? मला वाटलं बोटीत बसूनच तर राहायचंय.

माहीमची_खाडी (गुरुवार, रात्री ९:५५)
हेच तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, बाई! आता ऐका. आमच्या बोटीवर झोपायच्या खोल्या खालच्या बाजूला होत्या आणि तिथे उतरायला लोखंडी शिडी होती, जिना नव्हे, शिडी. सरळ उभी, आठ पायऱ्या, धरायला एकच दांडा. सासूबाई दिवसभर वरच्या डेकवर खुर्चीत मजेत होत्या, रात्री ती शिडी बघून त्यांनी माझा हात घट्ट धरला तो सोडेनात. आणि संडास भारतीय बैठकीचा, तेवढाच एक. गुडघा बदललेल्या बाईने तिथे काय करायचं? दोन रात्री आम्ही घडीची कमोडची खुर्ची नेली नसती तर पंचाईत होती. बोटीवाल्याला आत्ता फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: झोपायची जागा वर की खाली, शिडी की जिना, संडासात कमोड आहे का. फोटो मागा. व्हिडिओत फक्त डेक दाखवतात.

हावडा_मेल (गुरुवार, रात्री १०:२०)
सहमत. आईंसाठी लॉजच. तसंही ज्याला वाटतं बोटीवर झोपलं की रात्री जंगलात राहणं होतं, त्याचा गैरसमज आहे. अंधार पडायच्या आत बोटींना जंगलाबाहेर यावं लागतं. बोटीवर झोपलात तरी नांगर टाकणार तो गावाकडच्या बाजूलाच, पाखिरालय किंवा दयापूर. मग तेच पाखिरालय पलंगावरून बघायला काय हरकत आहे?

दुर्बीणवाला (गुरुवार, रात्री १०:४५)
हे पूर्ण बरोबर नाही. नांगरलेल्या बोटीवरून पहाटे सहाला खाडीवर धुकं असताना जो आवाज ऐकू येतो तो लॉजमधून येत नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी बोटीवर झोपावं.

तांडेल_वेसावे (शुक्रवार, पहाटे ५:४०)
ताई, झोपायचं सोडा. आईला बोटीत चढवणार कशी, हे कुणी विचारलं नाही. चाळीस वर्षं बोटीवर आहे, म्हणून सांगतो.
तिकडेही आपल्यासारखंच दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. पाण्याचा चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीने येते, पाय टाकला की आत. ओहोटीला तीच बोट एक मजला खाली. मग धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, ज्या रोज पाण्यात असतात. त्यावर शेवाळ आणि गाळ, साबणासारखा. त्यावरून फळी टाकतात, वीतभर रुंद. धडधाकट माणूस घसरतो. नव्या गुडघ्याने नाही उतरायचं तिथे.
आता तिथी बघा. १० तारखेला सप्तमी, ११ ला अष्टमी. म्हणजे भांगाची भरती आहे, उधाण नाही. पाण्याचा चढउतार कमी, पायऱ्याही कमी उघड्या पडणार. तारखा नकळत चांगल्या निवडल्यात.

रानवाट (शुक्रवार, सकाळी ८:१०)
काका, हे वाचून अंगावर काटा आला. खरंच कुणी सांगितलं नसतं. भरतीची वेळ कशी काढायची? आमच्या आजोबांचं काहीतरी तिथीच्या पाऊणपटीचं गणित होतं.

तांडेल_वेसावे (शुक्रवार, सकाळी ८:३५)
बरोबर, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास भरती. पण ते आपल्या किनाऱ्याचं गणित आहे, मुंबई-रेवस-उरण. बंगालला लावू नका. तिकडचं पाणी तिकडच्या माणसाला विचारायचं. बोट चालवणाऱ्याला ते माझी म्हणतात. एजंटकडून माझीचा नंबर घ्या आणि त्याला विचारा, १० तारखेला गोदखालीला भरती किती वाजता. एक दिवसाची वेळ कळली की पुढच्या दिवसाला पन्नासेक मिनिटं वाढवत जा. आईचं चढणं-उतरणं भरतीच्या अलीकडे-पलीकडे दीड तासात बसवा, बाकी सहल त्याभोवती आखा.

दुर्बीणवाला (शुक्रवार, सकाळी ९:००)
पण मग ओहोटीला काय करणार? खरं बघायचं असतं ते ओहोटीलाच. चिखल उघडा पडतो, मगरी उन्हाला येतात, हरणं काठावर उतरतात, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात. भरतीला नुसती झाडांची डोकी दिसतात.

तांडेल_वेसावे (शुक्रवार, सकाळी ९:१२)
ओहोटीला बोटीतच बसून बघायचं की! उतरायचं कशाला? मी चढण्या-उतरण्याचं बोलतोय.

माहीमची_खाडी (शुक्रवार, सकाळी १०:०५)
तसंही जंगलात कुठेही उतरू देत नाहीत, फक्त टेहळणीच्या मनोऱ्यांवर. सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी. दोबांकीला जाळी लावलेला उंचावरचा रस्ता आहे, पण तो लांब आहे, तिथे आईंनी बोटीवरच थांबावं. सजनेखालीला मात्र उतरवा. तिथे बोनबीबीचं, जंगलाच्या देवीचं देऊळ आहे. मध काढायला जाणारे हिंदू असोत की मुसलमान, तिला हात जोडल्याशिवाय जंगलात शिरत नाहीत. सासूबाई तिथे बराच वेळ बसल्या होत्या, मला वाटतं वाघापेक्षा त्यांना तेच जास्त लक्षात राहिलंय.

नवी_वाट (शुक्रवार, सकाळी ११:३०)
ड्रोन नेऊ शकतो का?

हावडा_मेल (शुक्रवार, सकाळी ११:४१)
नाही. आणि तुम्ही कुठे चाललाय? तुम्ही तर ऐरोलीला होतात.

गोडंबट (शुक्रवार, दुपारी १:००)
निवट्यांवरून आठवलं, आमच्याकडे उरणला निवट्यांचं कालवण करतात. तिकडे खातात का कुणाला माहीत आहे?

रानवाट (शनिवार, रात्री ८:१५)
दोघांनाही फोन झाले. बोटीवाल्याच्या खोल्या खाली, शिडी, कमोड नाही. फोटो मागितला तर डेकचाच पाठवला, म्हणून त्याला नाही म्हटलं. लॉजवाल्याकडे तळमजल्याची खोली आणि कमोड, दोन्हीचे फोटो लगेच आले.
मग माझीचा नंबर मागितला. आधी एजंट कुरकुरला, मग दिला. नणंदेचे यजमान जमशेटपूरला वाढलेत, त्यांना बंगाली येतं, ते बोलले. गुडघ्याचं सांगितल्यावर माझी म्हणाला, १० ला मला घाई नाही, पाणी चढेपर्यंत गोदखालीला थांबतो, तुम्ही चहा प्या. सजनेखालीची वेळही त्याने स्वतःहून भरतीला ठेवली. फळीऐवजी दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची ठेवतो म्हणाला.
लॉजवाल्याला पैसे भरले. हॉटेलही मिळालं, सियालदापासून दूर आहे पण मिळालं. दुर्बीणवाले, मी आणि मुलगा पहाटे साडेपाचला धक्क्यावर येऊन बसणार आहोत, धुक्यातला आवाज ऐकायला. भितरकनिका पुढच्या वर्षी, नक्की.

माहीमची_खाडी (शनिवार, रात्री ८:४०)
फार बरं वाटलं. कमोडची घडीची खुर्ची तरी न्याच, दिवसा बोटीवर लागेल. माझ्याकडची माळ्यावर पडून आहे, माहीमला येऊन घेऊन जा. व्यक्तिगत निरोप करते.

तांडेल_वेसावे (रविवार, पहाटे ५:२०)
चांगला माणूस मिळाला. पाणी चढेपर्यंत थांबतो म्हणणाऱ्याला सोडू नका. आईच्या पायात रबरी तळव्याचे बूट घाला, चप्पल नको.