वीस बोअर म्हणजे कमी धक्का? बंदुकीचं वजनही बघा

बोअर म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक. नवशिक्या पोराला बारा बोअरऐवजी वीस बोअर दिली की खांद्याला धक्का आपोआप कमी बसतो, असं बरेच जण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. वीस बोअरची बंदूक मुळात हलकी असते आणि हलकी बंदूक जास्त जोरात मागे येते. अडीच किलोच्या वीस बोअरमधून २८ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस उडवलं, तर साडेतीन किलोच्या बारा बोअरमधून २४ ग्रॅमचं उडवल्यापेक्षा धक्का जास्तच बसेल. म्हणून बोअरचा आकडा बघण्याआधी डब्यावर छऱ्यांचं वजन आणि वेग वाचा. ऑलिंपिकमध्ये ट्रॅप-स्कीटला (हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी) २४ ग्रॅमच चालतात, तेव्हा ती काडतुसं कमजोर समजू नका.

माझा भाचा कॅनडात असतो, चौदा वर्षांचा. तिथे मोठ्यांच्या देखरेखीखाली बदकांची शिकार शिकतोय. (आपल्याकडे शिकार १९७२च्या कायद्याने बंद, आणि सत्तरच्या दशकात वाढलेल्या मला ते योग्यच वाटतं.) पहिल्या दिवशी त्याला ३२ ग्रॅमची काडतुसं दिली. पाच बारांत खांदा काळानिळा, आणि त्यानंतर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागला. ती सवय मोडायला दोन महिने गेले. मग २४ ग्रॅमची काडतुसं आणली, शिवाय दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकवायचा भाग) त्याच्या हाताच्या मापाने आखूड करून घेतला. लांब दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकत होता, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.