अमोल पालेकरांनी अभिनय सोडला, यात तोटा कुणाचा?

चाळकरी
रविवारी घरी पुन्हा 'गोलमाल' लागला होता. आखूड कुर्त्याने कापड कसं वाचतं हे उत्पल दत्तांना पटवणारा पालेकरांचा तो रामप्रसाद! पोरं पहिल्यांदाच बघत होती, तीही लोळून हसली.

मग हिशोब केला. 'रजनीगंधा' 1974, 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' 1976, 'घरौंदा' आणि 'भूमिका' 1977, 'गोलमाल' 1979. एवढं सगळं पाच वर्षांत. 1981 पासून गृहस्थ दिग्दर्शनाकडे वळले आणि पुढे बरीच वर्षं नट म्हणून फारसे दिसलेच नाहीत. माझ्या मते तोटा आपलाच झाला. दिग्दर्शक दुसरे मिळाले असते. असा नट मिळाला नाही.

माणदेशी
साफ असहमत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला हात घालायची हिंमत किती जणांनी केली होती? पालेकरांनी 1995 साली केली. कादंबरीत कथानक म्हणावं असं फारसं नाही. एक तरुण मास्तर, मेंढरं, धनगरांची वस्ती आणि शेवटी दुष्काळ. त्यात नाचगाणी न कोंबता सिनेमा उभा केला. आणि 2001 चा 'ध्यासपर्व'? र. धों. कर्व्यांनी संततिनियमनासाठी नोकरी घालवली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले अंगावर घेतले. त्या माणसावर सिनेमा काढायला दुसरं कोण पुढे आलं असतं?
राहता राहिला तुमचा 'असा नट'. फारूख शेख विसरलात वाटतं.

चाळकरी
फारूख शेख आवडतातच, पण त्यांच्यात नवाबी ऐट होती. पालेकर म्हणजे थेट बँकेतला कारकून. (होतेही म्हणा!)
आणि विषय मोठा असला की सिनेमा मोठा होतो असं थोडंच आहे? 'ध्यासपर्व'मध्ये किशोर कदम उत्तम, पण मधूनमधून मला वसंत व्याख्यानमालेला बसल्यासारखं वाटलं. पालेकरांनीच दिग्दर्शित केलेल्या 'पहेली'बद्दल तर बोलूच नये. विजयदान देथांच्या त्याच कथेवर मणी कौल यांनी 1973 मध्ये 'दुविधा' केला होता, तो किती शांत! 'पहेली'त दागिने आणि घागरेच लक्षात राहतात.

माणदेशी
'पहेली'पुरता मुद्दा मान्य. भुताच्या भूमिकेत शाहरुख आला की दुसरं काय होणार.

तिसरी घंटा
दोघंही 'साधा माणूस' हे त्यांचं मूळ रूप धरून बोलताय. तो मुळात नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या हाताखाली तयार झालेला, प्रायोगिक रंगभूमीवरचा नट. शिकले जे. जे.त, चित्रकला. पडद्यावरचा बावळट गोडवा कमावलेला होता.

पटत नसेल तर 'भूमिका' पाहा. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून घेतलेला. त्यातला केशव दळवी बायकोच्या कमाईवर जगतो आणि वर तिच्यावरच संशय घेतो. माझ्या आईने तो पाहिला आणि कित्येक दिवस तिला 'चितचोर'ची गाणीसुद्धा नकोशी झाली.

आता 1981 चा 'आक्रीत' घ्या. दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार परभणीकडच्या मानवतमधल्या नरबळींच्या हत्याकांडाचा. त्यात स्वतःसाठी भूमिका कुठली ठेवली? बळी देववणाऱ्या माणसाची! 'गोलमाल'नंतर दोनच वर्षांनी. तेव्हाच्या कुठल्या हिंदी निर्मात्याने त्यांना हे दिलं असतं? त्यांना सगळ्यांना तोच शर्टपँटवाला, बसस्टॉपवर लाजणारा पोरगा हवा होता. मला तर वाटतं, त्यांच्यातल्या नटाची घुसमट झाली म्हणून दिग्दर्शक पुढे आला.

चाळकरी
हे पटण्यासारखं आहे. पण मग 'बनगरवाडी'त, 'ध्यासपर्व'मध्ये स्वतः का नाहीत? दार उघडून दिलं आणि आपण बाहेरच थांबले?

तिसरी घंटा
मास्तर म्हणून उभं राहायला तेव्हा पन्नाशी गाठली होती हो त्यांनी!

दूरदर्शनकाळातली
मध्येच नाक खुपसते. आम्हाला पालेकर कळले ते 1987 च्या 'कच्ची धूप'मुळे. दिग्दर्शन त्यांचंच. भाग्यश्री तिथेच पहिल्यांदा पाहिली. तुम्ही तिघांनीही मालिका यादीत घेतली नाहीत, म्हणून निषेध.

माणदेशी
निषेध नोंदवला. :)
चाळकरी, एक सांगायचं राहिलं. 2019 मध्ये पंचाहत्तरीच्या तोंडावर 'कुसूर' नाटकातून ते परत रंगमंचावर आले, पंचवीस वर्षांनी. निवृत्त पोलीस अधिकारी, समोर फोन, आणि बराचसा खेळ एकट्याच्या आवाजावर. मी पाहिलंय. गंज बिंज काही नाही. म्हणजे सोडलेलं काहीच नव्हतं.

चाळकरी
हेच तर माझं दुःख आहे हो! गंज चढला नव्हता, तर पंचवीस वर्षं रंगमंच रिकामा का ठेवला?
असो. 'आक्रीत'ची चांगली प्रिंट कुठे बघायला मिळेल, कुणाला ठाऊक आहे का?