गीता पाठ आहे, तरी एक ओळ कळंना. फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' नुसता कानानं कसा ऐकायचा?

रात्रीची_लाईट
राम राम मंडळी. गाव केज तालुक्यात. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे, म्हणजे रात्रभर गव्हाला दारं धरायची. एक वाफा भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर धुऱ्यावर बसून एका कानात हेडफोन. दुसरा कान पाण्याकडं ठेवावा लागतो.

भाचा पुण्याला असतो. "मामा, तुम्हाला गीता पाठ आहे ना, मग हे ऐकाच," म्हणून त्यानं हा ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातून चालणारं नाटक, पाठवला. ग्लास हा अमेरिकेतला संगीतकार. गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं आणि गाणं सगळं संस्कृतात. ध्वनिमुद्रण १९८५ चं, न्यूयॉर्क सिटी ऑपेराचं, गांधी झालाय डग्लस पेरी. मी खुशीत ऐकायला बसलो.

सुरुवातच म्हणे 'योत्स्यमानानवेक्षेऽहं'. पहिल्या अध्यायातला २३ वा श्लोक, झोपेतून उठवलं तरी म्हणीन. पण 'यो' कानावर येतो आणि पुढची अक्षरं कुठं सांडतात ते कळत नाही. खाली तंतुवाद्यांचं तेच तेच चालू. ना तबला, ना ढोल. दुसऱ्या अंकात तर गडी नुसते 'हा हा हा' करायलेत. मी आधी हेडफोन काढून उसाकडं बघितलं, म्हटलं कोल्हे आले का काय.

तीन रात्री झाल्या. एकदा तंद्री लागली आणि वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत गेलं, म्हणजे काहीतरी आहे यात. पण मी धरायचं काय? शब्द, सूर का गोष्ट?

निवृत्त_संस्कृतबाई
दादा, शब्दांचा हट्ट सोडा. मी अंबाजोगाईची, उभा जन्म संधी सोडवण्यात गेला, आणि मलाही पोथी पुढ्यात घेतल्याशिवाय ओळी लागल्या नाहीत. ते लोक स्वर ताणतात आणि जोडाक्षरं गिळतात. 'र्म' आणि 'र्य' तर विचारूच नका.

पण तुमच्या कोल्ह्यांचं सांगते. तो प्रसंग १८९७ मधला, डर्बनचा. गोऱ्यांचा जमाव गांधीजींच्या अंगावर धावून आला आणि पोलीस अधीक्षकांच्या पत्नीनं आपली छत्री उघडून त्यांना वाचवलं. तिथले श्लोक सोळाव्या अध्यायातले आहेत, आसुरी संपत्तीचे. 'इदमद्य मया लब्धमिमं प्राप्स्ये मनोरथम्', आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन. हसणारा जमाव हाच! हे कळल्यावर मला ते 'हा हा' सहन होईना.

संहिता करणाऱ्या कॉन्स्टन्स डी-जाँग यांनी प्रसंगातले संवाद लिहिलेच नाहीत. प्रसंग आफ्रिकेतला आणि त्याला गीतेतला श्लोक लावलेला, एवढंच. आमच्या दासोपंतांनी याच गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला असं सांगतात. इथं बरोबर उलटं, मोजके श्लोक आणि तेच पुन्हा पुन्हा. पेन्सिलीनं श्लोकांवर खुणा करून मग ऐका.

टाळकरी_परळी
बाई, वाफ्यावर पोथी कुठं उघडायची!

माउली, तुम्ही सप्ताहात वीणेचा पहारा दिलाच असेल. पहिला अर्धा तास पाय दुखतात, घड्याळ दिसतं. मग केव्हातरी नाव आपोआप चालायला लागतं आणि कान बारीक होतो, कुणाचा टाळ मागं पडला तेसुद्धा ऐकू येतं. हे तसंच ऐकायचं. 'तेच तेच' चालू आहे असं वाटतं तेव्हा नक्की काय बदललं ते शोधा. कुठं एक मात्रा वाढलेली असते, कुठं सनई-बासरीच्या घरातलं एखादं वाद्य गुपचूप आत आलेलं असतं.

ग्लासनं हे आपल्याकडूनच उचललंय. साठच्या दशकात पॅरिसला एका सिनेमाच्या संगीतासाठी रविशंकरांनी वाजवलेलं लिहून काढायचं काम त्याच्याकडं होतं. त्याला मात्रांचे हिशेब लागेनात, ते तबलजी अल्लारखांच्या संगतीत लागले. दोन आणि तीनचे तुकडे जोडत जायचे आणि ओळ लांबवायची. ढोल नाही म्हणता, पण तंतुवाद्यंच टाळ धरून उभी आहेत की.

संभाजीनगरचा_श्रोता
माझं मत वेगळं. हे नुसतं ऐकण्यात निम्मं हातचं जातं. तीन अंकांना टॉलस्टॉय, टागोर आणि (मार्टिन ल्यूथर) किंग अशी नावं आहेत आणि त्या त्या अंकात तो माणूस रंगमंचावर वर बसून खाली बघत असतो. तो एक अक्षर गात नाही, म्हणजे तुमच्या हेडफोनमध्ये तो नाहीच! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगाचं चित्रण बघा, मग बोलू.

रात्रीची_लाईट
सगळ्यांचे आभार. श्रोतेसाहेब, चित्रण बघायला आमच्या रानात रेंज कुठाय? जे उतरवून घेतलं तेवढंच. पण वर कुणीतरी गप बसलेलं असतं हे कळलं ते बरं झालं. काल ऐकताना उगंच एकदा मचाणाकडं बघितलं.

टाळकरी माउली, पहाऱ्याचं पटलं, पण पुरतं नाही. पहाऱ्यात नाव माहीत असतं, म्हणून ते विसरता येतं. इथं शब्दच सापडंना तर विसरू काय? म्हणून बाईंचं ऐकलं. श्लोक वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात काढले आणि बॅटरीच्या उजेडात धरले. 'इदमद्य' सापडलं! खरं सांगतो, अंगावर काटा आला. मधला गांधीजींच्या वर्तमानपत्राचा प्रवेश मात्र मला अजून लांबलेलाच वाटतो.

आणि शेवट. 'बहूनि मे व्यतीतानि', चौथा अध्याय. एकटे गांधी, आणि आठ सुरांची एकच सरळ चढण, खालून वर, पुन्हा खालून वर. मी पेटीवर बोटं ठेवून बघितली, रे ग ध नि चारी कोमल. सूर भैरवीचे! राग म्हणून नाही म्हणत मी, पण कीर्तन संपताना जे सूर लागतात तेच.

परवा ही चढण चालू असतानाच लाईट गेली. विहिरीवरची मोटर थांबली आणि तेव्हा कळलं, इतके दिवस खालचे सूर त्या घरघरीत जात होते. मग दुसराही कान दिला. भाचा म्हणतो ती चढण तीस वेळा आहे. मी बोटांच्या पेरांवर मोजली, एकदा एकोणतीस भरली, एकदा एकतीस. बाई, तुम्ही मोजलीय का?