अनुभव धागा : बडोद्याहून निघताना फास्टॅग

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग, म्हणजे गाडीच्या काचेवर चिकटवलेला आणि खात्यातून आपोआप टोल कापणारा टॅग, सक्तीचा झाला. बडोद्यातील अनेक मराठी घरांतील गाड्या मुंबई-पुण्याकडे सतत ये-जा करतात. म्हणून टोलनाक्यावर आपल्यासोबत नेमके काय घडले आणि त्यातून कोणता नियम कळला, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीचे नाव देऊन सविस्तर लिहावे, ही विनंती.

मांजलपूर : पुण्याला आईकडे वरचेवर जावे लागत असल्यामुळे १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास मी लगेच घेतला. तेव्हा त्याचे ३,००० रुपये पडले. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे हा पास संपतो. फेरी म्हणजे अख्खा प्रवास नसून एकेक नाका ओलांडणे होय, हे भरथाणा, चोऱ्यासी, बोरियाच अशा नाक्यांचे संदेश एकामागून एक येऊ लागले तेव्हा मला उमगले. तरीही तो मला पुष्कळ स्वस्त पडतो. माझी चूक पुढे झाली. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरताच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्याच्या रस्ते महामंडळाकडे असल्याने तिथे टॅगच्या नेहमीच्या शिलकीतूनच पैसे कापले जातात. पासच्या भरवशावर मी शिल्लक भरलीच नव्हती, त्यामुळे त्या मार्गावरील खालापूर नाक्यावर दुप्पट टोल भरावा लागला. आता निघण्याच्या आदल्या रात्रीच मी शिल्लक पाहते.

रावपुरा : जुनी गाडी विकली, नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली, म्हणून मी निश्चिंत होतो. तीन आठवड्यांनी रात्री अकराला माझ्या मोबाइलवर टोल कापल्याचा संदेश आला आणि काचेवरचा टॅग अजून माझ्याच खात्याला जोडलेला आहे, हे लक्षात आले. ज्या बँकेने टॅग दिला तिच्याकडून तो बंद करून घेईपर्यंत आणखी दोन वेळा पैसे गेले. गाडी विकणाऱ्यांनी किल्ली देण्यापूर्वीच हे काम उरकावे.

कारेलीबाग : १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही, तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल घेणे सुरू झाले. तेव्हा माझ्या वडिलांनी घाईत रोख रक्कम दिली. घरातील ज्येष्ठांना अशा वेळी यूपीआय वापरायला आवर्जून सांगा.

अकोटा : चोवीस तासांत परत येणार असाल, तर जाण्यायेण्याचा मिळून एकेरी टोलच्या दीडपट आकार लागतो. परतीचे संदेश तपासून पाहावेत.

दांडिया बाजार : टॅगमध्ये बॅटरी नसते, लेनवरील अँटेनाच्या लहरी पोहोचल्या की त्यातील चिप आपला क्रमांक पाठवते. एका नाक्यावर ते यंत्रच बिघडले होते. माझा टॅग चालू होता, शिल्लकही होती, तरी कर्मचारी रोख मागत राहिला आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. यंत्रणेचा दोष असेल तर वैध टॅगच्या गाडीला पैसे न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असा २०१८ चा नियम आहे. मी तो शांतपणे सांगितला आणि महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर फोन लावला. पर्यवेक्षक आला, त्याने शिल्लक पाहिली आणि फाटक उघडले. ती पावती मी अजून गाडीच्या कागदपत्रांतच ठेवली आहे.