दोन पीसी लॅन केबलनं जोडलेत, पण एकमेकांना ओळखच देईनात

खानापुरी_डीटीपी
खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्स, निम्मं काम मराठी, निम्मं कन्नड. जुना पीसी (विंडोज १०) आता कधी बसेल सांगता येत नाही, नवा ११ चा घेतलाय. १८० जीबी डाटा हलवायचाय आणि पेनड्राइव्ह आहे ३२ चा. बेळगावात एकानं दोन्ही टोकांना सारखी यूएसबी असलेली केबल हातात ठेवली, "घाला की ओ, चालतंय." धीर झाला नाही. मग घरातली जुनी लॅन केबल थेट जोडली. दिवे लुकलुकतात, पण आयपी (नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता) १६९.२५४ नं सुरू होणारा दिसतोय आणि पलीकडचा पीसी दिसेना. क्रॉस केबल (आतल्या तारा एका टोकाला उलटसुलट जोडलेली) लागते का ओ?

टिळकवाडी_वायरमन
ती यूएसबी घातली नाहीत हे बरं केलंत. दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात, पोर्ट जळायचा. मधे चिप असलेली वेगळी केबल मिळते, ती ही नव्हे.
गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटच्या) पोर्टला क्रॉस लागत नाही, साधी चालते. १६९.२५४ म्हणजे आयपी वाटणारा राउटर मधे नाही, म्हणून विंडोजनं स्वतःच घेतलेला पत्ता. हातानं द्या: जुन्याला १९२.१६८.१०.१, नव्याला १९२.१६८.१०.२, मास्क दोन्हीकडं २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, जुन्यावरचं फोल्डर शेअर करा आणि नव्यावर \\१९२.१६८.१०.१ टाका (आकडे अर्थात इंग्रजी).

खानापुरी_डीटीपी
लागला! पण युजरनेम-पासवर्ड मागतोय. जुन्याला पासवर्डच नाही, दुकानात मी एकटाच असतोय.

निपाणीकर
तिथंच अडलंय. बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. जुन्यावर पासवर्ड ठेवा, तोच इथं टाका. पिन चालत नाही.

खानापुरी_डीटीपी
उघडलं. पण सेकंदाला ११ एमबीच जातंय, साडेचार तास दाखवतंय. आमच्याकडं करंट एवढा वेळ टिकला तर!

टिळकवाडी_वायरमन
११ म्हणजे लिंक १०० मेगाबिटवर अडकलीय. दोन्ही पोर्ट गिगाबिट असतील तर केबल बघा. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात.

खानापुरी_डीटीपी
केबलच्या टोकाची क्लिप उजेडात धरली, तर तपकिरी तार पितळेपर्यंत पोचलीच नव्हती, अर्ध्यातच वाकलेली. समोरच्या केबलवाल्या पोरानं नवी क्लिप मारून दिली, चहावर भागलं. आता १०५-११० पडतंय. १८० जीबी अर्ध्या तासात आले. छोट्या छोट्या फॉन्टच्या फाइलींनीच तेवढा जीव खाल्ला.
ती यूएसबी केबल परत करायला शनिवारी बेळगावला जायचंच आहे.