समोर ऐकतात, पाठ फिरली की विसरतात. वळण कसं लावावं?

आई_सिडको:
मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६. खरं बोला, कचरा टाकू नका, जेवताना मोबाइल नको, हे रोजचंच. मी समोर असले की ऐकतात, नसले की नाही. दटावणं कमी करून आपल्या वागण्यातून हे पोचवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ:
ताई, आठवडाभर मुलांना काही न सांगता घरातल्या मोठ्यांकडे बघा. गाडीच्या आरशाला लटकवलेलं हेल्मेट नाशिकच्या मुंबई नाक्याचा सिग्नल दिसला की घाईने डोक्यावर चढतं. मागे बसलेलं पोर एवढंच शिकतं, की नियम पोलिसासाठी असतो. हेल्मेटचा पट्टा दारातच लावा, मुलाच्याही हेल्मेटचा (४ वर्षांवरच्या मुलाला कायद्यानेही हेल्मेट लागतं). आणि ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे आजपासून बंद. फोन स्वतः घ्या, मुलांना ऐकू जाईल असं सांगा, "आत्ता जमत नाही, संध्याकाळी करतो."

निर्मल_अंगण:
एका वेळी एकच गोष्ट, निदान महिनाभर. कचऱ्यासाठी निर्मा‍ल्य घ्या. पुलावरून पिशवीसकट भिरकावलेलं निर्मा‍ल्य पाहिलेल्या मुलाला गोदामाई म्हणून काय सांगणार? त्याचं घरीच खत करा. बादलीच्या तळाला पाच-सहा भोकं पाडा, चार बोटं सुका पाला घाला. दोरे, जरी, प्लास्टिक काढून फुलं टाका, प्रत्येक थरावर मूठभर माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच. वास सुटला म्हणजे पाणी जास्त झालं, पाला घालून उकरा. दोन-तीन महिन्यांत खत होतं. दोरे तुम्ही काढत बसा, मुलांना हाक मारू नका. धाकटा बहुतेक आपणहून येईल. आला की सूचनांचा भडिमार नको, तिथेच बिनसतं. बक्षीसही नको, बक्षीस थांबलं की काम थांबतं.

पालक_मित्र:
अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तसंच बडवलं, शब्दही तेच वापरले. ओरडणंही असंच उचललं जातं. तरी आवाज चढलाच, तर शांत झाल्यावर मुलाशेजारी बसून म्हणा, "मी ओरडले, ते चुकलं. दप्तर मात्र जागेवर ठेवायचंय." ‘पण तूच...’ जोडलंत की माफी वाया. जेवताना मोबाइलची टोपली ठेवा, पहिला मोबाइल तुमचा, आजोबांचाही त्यात.
एक मात्र सांगतो, गॅस, रस्ता आणि पावसाळ्यात पाणी चढलेला रामकुंडाचा घाट, इथे उदाहरणाची वाट बघू नका. हात धरा आणि सरळ ‘नाही’ म्हणा.