गिनी घसरला म्हणता, मग आमच्या गावात दिसत का नाही?

सातपुडाकर (चोपडा)
घरगुती खर्चाच्या २०२३-२४च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारताचा गिनी, म्हणजे विषमतेचं माप, ०.२३७ आला. आदल्या वर्षी तो ०.२६६ होता. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाच्याच घरात. म्हणजे खेडी समतेच्या वाटेला लागली म्हणायची! पण ही पाहणी खर्च मोजते, कमाई नाही. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं. मिळालं ते वर्षात खाऊन संपतं, वर उचल अंगावर राहते ती वेगळीच. केळीवाल्याची भाकरी काही दहापट मोठी नसते. त्याचा उरलेला पैसा जळगावात प्लॉट होतो, बँकेत ठेव होतो, बांधाशेजारचं शेत होतो. त्या आकड्यात यातलं काहीच नाही. पॅरिसची वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब उत्पन्न मोजते. तिच्या हिशोबात २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न होतं.

केळीबाग_रावेर
उत्पन्न मोजा म्हणता, पण कोणत्या वर्षाचं भो? जूनच्या तोंडावर वादळात बाग आडवी झाली त्या वर्षी माझं उत्पन्न उणे. कागदावर मी माझ्या सालदारापेक्षा गरीब! पुढच्या साली भाव लागला की मीच श्रीमंत. घरात दोन्ही वर्षं वरण-बट्टी तीच. म्हणून आपल्यासारख्या शेतीच्या देशात खर्च मोजलेलाच बरा. आणि ते २२.६ आले कुठून? प्राप्तिकराची विवरणं आणि त्यावर चढवलेले अंदाज. शेतीच्या उत्पन्नावर तर प्राप्तिकरच नाही, मग माझी बाग त्यांना तरी कुठे दिसली?

सातपुडाकर
तेच तर म्हणतोय. माप कोणतंही घ्या, सुटतो तो वरचाच.

तापीकाठची (शिरपूर)
मोजमाप चालू द्या तुमचं, जरा वाटपाचंही बोला. त्याच पाहणीत फुकट मिळालेल्या धान्याबिन्याची किंमत धरली की खेड्यातला माणशी महिन्याचा खर्च ४,१२२चा ४,२४७ होतो. सगळा गाजावाजा सरासरी सव्वाशे रुपयांचा! फुकटची शाळा आणि दवाखाना त्यात धरलेलेच नाहीत. लाडकी बहीणचे १,५०० जुलै २०२४ पासूनचे, आणि पाहणी त्याच महिन्यात संपली. आमच्या गल्लीत त्या पैशातून कोणी बचत गटाचा हप्ता भरते, कोणी पोराची फी.

केळीबाग_रावेर
आणि निंदणीला बाई मिळत नाही, ते?

तापीकाठची
मिळत नाही, की जुन्या रोजात मिळत नाही? रोज वाढवून द्यावा लागला तर तेही वाटपच झालं, सरकारी तिजोरीला हात न लावता.

धडगावचा मास्तर
दिलं किती यावरच सगळे भांडताहेत. घेतलं कोणाकडून? १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा झाला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून निघून खडी फोडणाऱ्याच्या हातात, असा पैसा जाताना दिसत होता. आता दीड हजार घेणारी बाई साबणावर जीएसटीही भरते. तिच्या हातात निव्वळ काय उरलं, हे कोणत्या गिनीत पाहू? शेतकरी सन्मानाचं तर विचारूच नका. केंद्राचे ६ हजार, राज्याचे ६ हजार, पण सातबारा असेल तर. भूमिहीनाला शून्य. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, माझे वर्ग निम्मे रिकामे होतात. तेव्हा पाहणीवाला आला तर दाराला कुलूप. तो उघड्या घरातच बसणार ना, आणि उघडं घर कोणाचं असतं?

केळीबाग_रावेर
मास्तर, सातबाऱ्याचं मान्य. वीस वर्षं माझ्या रानात राबतो तो आणि सन्मान जमा होतो माझ्या खात्यात, हे मलाही खटकतं. पण मग करायचं काय, केळीवर प्राप्तिकर लावता?

सातपुडाकर
वादळाच्या वर्षी नाही. भाव लागेल त्या साली बोलू.

केळीबाग_रावेर
त्या साली मी फोन उचलणार नाही 😄